आधी आवाज, मग हादरा: कोयना खोऱ्यातील भूकंपांचा इतिहास

कोयना नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर राहून साधारण पासष्ट किलोमीटर दक्षिणेकडे वाहते. हेळवाकजवळ ती जवळजवळ काटकोनात वळते आणि पूर्वेची वाट धरून पाटणवरून कराडला कृष्णेला मिळते. सह्याद्रीच्या माथ्यावरून निघालेल्या बहुतेक नद्या लवकरच डोंगर सोडून पूर्वेला जातात. कोयना मात्र एवढे अंतर डोंगराच्या कुशीतूनच सरळ दक्षिणेला जाते. हा सरळपणा जमिनीखालच्या एखाद्या जुन्या भेगेचा माग काढत जाणारा असावा, अशी शंका भूशास्त्रज्ञांना पुढे आली. त्याआधी कित्येक पिढ्या या खोऱ्यात नाचणी-भात पिकत होता आणि जमीन हलते ही गोष्ट इथल्या लोकांना फक्त पुराणातून माहीत होती. शेषाच्या फण्यावर पृथ्वी तोललेली आहे, शेषाने फणा हलवला की धरणीकंप होतो, ही कथा घरोघरी सांगितली जाई. पण प्रत्यक्ष धरणीकंप अनुभवलेले माणूस खोऱ्यात शोधून सापडले नसते.

विज्ञानाचे मतही याहून फार वेगळे नव्हते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरून दख्खनचा काळा कातळ तयार झाला, आणि त्याखाली अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइट आहे. एवढा जुना आणि कठीण पाया म्हणजे भारताचा सर्वांत स्थिर भाग, असे पाठ्यपुस्तकांत शिकवले जात होते. भूकंपाची नावे घ्यायची ती १८१९ च्या कच्छची, १८९७ च्या आसामची, १९३४ च्या बिहारची. भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे विभाग पाडणारा पहिला अधिकृत नकाशा १९६२ साली झाला, तेव्हा कोयनेचा परिसर अगदी कमी धोक्याच्या भागात होता. नकाशा काढणाऱ्यांचा यात निष्काळजीपणा नव्हता. त्यांच्यासमोर जी नोंद होती तिच्यात कोयना नव्हतीच.

त्याच सुमाराला खोऱ्यात पाणी साठू लागले होते. सह्याद्रीच्या पश्चिमेला जमीन एकदम शेकडो मीटर खाली उतरते, आणि कोयनेचे पाणी अडवून ते बोगद्याने पश्चिमेला सोडले तर त्या उतारावर मोठी वीज तयार होईल, ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मांडली जात होती. स्वातंत्र्यानंतर ती हाती घेतली गेली. हेळवाकच्या वरच्या अंगाला १०३ मीटर उंचीचे आणि ८०० मीटरांहून थोडे अधिक लांबीचे धरण बांधले गेले, आणि डोंगराच्या पोटात पोफळीचे भूमिगत वीजगृह उभे राहिले. पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जायचे पाणी चिपळूणच्या वाशिष्ठीत पडू लागले. धरणामागच्या शिवसागर जलाशयाची लांबी सुमारे पन्नास किलोमीटर आणि मूळ साठवण जवळपास ९९ टीएमसी, म्हणजे २८० कोटी घनमीटरांच्या आसपास. जावळी आणि पाटण तालुक्यांतली कितीतरी गावे या पाण्याखाली गेली, तिथली माणसे सातारा, सांगली, सोलापूर, ठाणे, रायगडपर्यंत विखुरली. वर्तमानपत्रे आजही ज्या धरणाला महाराष्ट्राची वरदायिनी म्हणतात, त्याची ही दुसरी बाजू विसरता येत नाही. भूकंपाचे ओझे पुढे ज्यांच्यावर पडले त्यांतले बरेचजण आधीच विस्थापनाच्या झळा लागलेल्या वस्त्यांतले होते.

१९६२ पासून जलाशय भरू लागला आणि त्यापाठोपाठ आवाज सुरू झाले. सुरुंग उडावा तसा दबलेला, जमिनीतून आलेला आवाज, आणि त्याला जोडूनच भांडी किणकिणावीत इतका हलका थरकाप. धरण, बोगदे, खाणी यांच्या कामामुळे सुरुंग हा खोऱ्याच्या कानावरचा नेहमीचा आवाज होता. त्यामुळे पहिल्यापहिल्यांदा हे आवाज कामाचेच वाटणे स्वाभाविक होते. फरक कळत गेला तो वेळेवरून. सुरुंग ठरलेल्या वेळी उडतो, आधी इशारा होतो. हा आवाज रात्री-अपरात्री येई, कधी दोन दिवसांत चारदा, कधी पंधरा दिवस अजिबात नाही. १९६३ च्या मध्यापासून तक्रारी वाढल्या. धक्के जलाशयाच्या आसपासच जाणवतात, लांबच्या गावांना त्यांचा पत्ता नसतो, हेही लोकांच्या लक्षात आले होते.

या तक्रारींची दखल घेऊन पुण्याजवळच्या खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने परिसरात भूकंपमापक बसवले. फिरत्या दंडगोलावर गुंडाळलेला कागद, त्यावर सरळ रेघ ओढत राहणारे टोक, आणि जमीन हलली की त्या रेघेला फुटणारे दात: असे ते यंत्र. नोंदी जमू लागल्यावर जे निष्पन्न झाले ते खोऱ्यातल्या लोकांनी आधीच सांगितले होते. धक्क्यांची केंद्रे जलाशयाच्या जवळ आणि उथळ होती. कोयनेच्या इतिहासातला हा क्रम महत्त्वाचा आहे. इथे माणसांनी आधी ऐकले आणि यंत्रांनी मागाहून नोंदले. भूकंपाबद्दल पिढीजात माहिती काहीच नसलेल्या लोकांनी केवळ कानाच्या आणि तळपायाच्या साक्षीवर जमिनीतला बदल ओळखला, आणि त्यांच्या सांगण्यामुळे यंत्रे वेळेवर तिथे पोचली. पुढच्या मोठ्या भूकंपाआधीची चार वर्षे जगाच्या शास्त्रज्ञांना नोंदीसकट मिळाली ती त्यामुळे.

आवाज येण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. कोयनेचे भूकंप बहुतेक दहा किलोमीटरांच्या आतल्या खोलीवर होतात, आणि वरचा कातळ कठीण, अखंड आहे. भूकंपाच्या पहिल्या लहरी ध्वनिलहरींसारख्याच दाबाच्या लहरी असतात. त्यांतली वेगाने कंप पावणारी स्पंदने मऊ, गाळाच्या जमिनीत विरून जातात. कठीण कातळातून मात्र ती पृष्ठभागापर्यंत पोचतात आणि हवेत आवाज होऊन उतरतात. त्यामागून येणाऱ्या दुसऱ्या लहरी आडव्या हादऱ्याच्या. दोहोंमधले अंतर केंद्रापासून किती लांब आहोत त्यावर ठरते: साधारण आठ किलोमीटरांना एक सेकंद. म्हणजे कोयनानगरच्या माणसाला ‘धुम्म’ ऐकू आल्यावर हादरा बसेपर्यंत एक-दोन सेकंद मिळतात. उठून उंबरठा ओलांडायलाही ते पुरत नाहीत. मुंबईत तोच भूकंप जाणवला तर मध्ये वीस-पंचवीस सेकंदांचे अंतर असते. भूकंप झाला की बाहेर पळा, हा सल्ला केंद्राजवळच्या गावाला फारसा उपयोगी का पडत नाही, ते या साध्या हिशेबावरून कळते. तिथे माणूस वाचतो की नाही हे घराच्या भिंती ठरवतात.

१९६७ च्या सप्टेंबरात, १३ तारखेला, पाचहून थोड्या अधिक तीव्रतेचा धक्का बसला. भिंतींना तडे गेले, गिलावे पडले. त्या वेळेपर्यंतच्या धक्क्यांत तो सर्वांत जोराचा होता. त्यानंतर तीन महिने लहान धक्के चालूच होते आणि माणसे आपापल्या कामाला लागली होती.

सोमवार, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जो भूकंप झाला त्याची तीव्रता ६.३ ते ६.५ अशी दिली जाते. थंडीचे दिवस, दारे-खिडक्या लावलेल्या, माणसे गाढ झोपेत. सरकारी आकड्यानुसार १७७ माणसे गेली आणि दोन हजारांहून अधिक जखमी झाली. कोयनानगरची वसाहत जवळजवळ सगळी मोडली. उभ्या राहिलेल्या घरांतही राहण्याजोगी थोडीच होती. हादरा उत्तरेला सुरतेपर्यंत, पूर्वेला हैदराबादपर्यंत आणि दक्षिणेला गोवा ओलांडून पुढपर्यंत जाणवला. पोफळीची जनित्रे बंद पडली, मुंबई-पुण्याकडची वीज गेली आणि गिरण्या-कारखाने थांबले. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला कोयनेचा भूकंप प्रथम कळला तो असा, अंधारातून आणि बंद पडलेल्या यंत्रांतून.

खोऱ्यात मात्र तो भिंतींच्या रूपाने आला. परिसरातली बरीच घरे ओबडधोबड दगडांची, मातीत किंवा हलक्या चुन्यात बांधलेली होती. अशी भिंत दोन पदरी असते. आतला आणि बाहेरचा पदर दगडांनी रचायचा आणि मधली पोकळी चिपा-मातीने भरायची. दोन्ही पदरांना शिवणारा लांब दगड, ज्याला आरपार दगड म्हणता येईल, तो खर्च आणि कष्ट वाचवण्यासाठी बहुधा टाळला जातो. वरून पडणारा भार पेलायला अशी भिंत चांगली असते, कित्येक वर्षे टिकते. आडवा हादरा बसला की मात्र दोन पदर एकमेकांपासून सुटतात, मधली माती खाली बसते आणि आतला पदर घरात, बाहेरचा पदर अंगणात कोसळतो. अंथरुणे बहुधा भिंतीला लागूनच असतात. उलट, लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर छप्पर आणि मध्ये कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती, असे जे गरिबाचे घर असते ते हादऱ्याने वाकडे होते, लिंपण गळते, पण त्याखाली माणूस चिरडत नाही. पक्के म्हणून बांधलेले दगडी घर माणसाचा जीव घेते आणि कच्चे म्हणून हिणवलेले कुडाचे घर त्याला वाचवते, हा धडा भूकंपाच्या प्रदेशात जगभर पुन्हा पुन्हा मिळालेला आहे. कोयनेला तो एका पहाटेत मिळाला.

त्या काळच्या स्वयंपाकघरात उतरंड असे. मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान, अशी एकावर एक रचलेली धान्या-मिठाची मडकी. हादऱ्यात सर्वांत आधी ती कोसळते. मंगलोरी कौले आपल्या जागेवरून सरकतात आणि पाऊस लागला की घर जागोजाग गळते. मोठ्या भूकंपाची मोजदाद मृतांच्या आणि पडलेल्या घरांच्या आकड्यांत होते. पण ज्या खोऱ्यात वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे लहान-सहान धक्क्यांनी सरकणारी कौले हेही दरवर्षीचे नुकसान असते, आणि त्याचा पंचनामा कोणी करत नाही.

धरण उभे राहिले. त्या पहाटे त्याच्या मागे सुमारे ९२ मीटर उंचीचे पाणी होते. धरण फुटले असते तर पाटण, कराड आणि खालच्या कृष्णाकाठाचे काय झाले असते, याचा विचार त्या दिवशी खालच्या प्रत्येक गावाने केला असणार. धरणाच्या न वाहणाऱ्या भागात, म्हणजे ज्यावरून पाणी सोडले जात नाही त्या भागात, दोन्ही अंगांना, आडव्या भेगा पडल्या होत्या. त्या बहुतेक एकाच उंचीवर, पायापासून साधारण दोन-तृतीयांश उंचीवर होत्या. त्या जागी धरणाच्या खालच्या अंगाचा उतार अचानक बदलतो आणि ताण तिथेच एकवटतो. धरणाच्या आतल्या गॅलरीत बसवलेल्या प्रवेगमापकाने त्या भूकंपाची पूर्ण नोंद केली. धरणाची रचना करताना गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के इतका आडवा जोर धरला होता. नोंदीत सर्वोच्च आकडा आला तो सुमारे ६३ टक्के. तो क्षणभराचा असतो आणि दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही, हे खरे. तरीही दगड-काँक्रीटच्या मोठ्या धरणाला जोराचा भूकंप सोसावा लागला, त्यात ते तडकले पण उभे राहिले, आणि त्या वेळची जमिनीची हालचालही नोंदली गेली, असे उदाहरण जगात दुसरे क्वचितच होते. म्हणून कोयनेची ती काही सेकंदांची नोंद आजतागायत जगभरच्या धरण-अभियंत्यांच्या अभ्यासात वापरली जाते. नवी गणनापद्धत निघाली की ती कोयनेच्या भेगा बरोबर दाखवते का, हे आधी पाहिले जाते.

भेगा भरल्या गेल्या, वरून ताणलेल्या पोलादी तारांनी भाग जखडला गेला, आणि पुढच्या काही वर्षांत न वाहणाऱ्या भागाला मागून काँक्रीटचे आधार देण्यात आले. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण २००० नंतरच्या दशकात झाले.

भूकंप धरणामुळे झाला का, हा प्रश्न त्या पहाटेच उभा राहिला. लोकांच्या मनात शंका नव्हती: पाणी साठले आणि जमीन हलू लागली, याआधी हलत नव्हती. तज्ज्ञांत मात्र दोन तट पडले. भूकंप घडवणारी शक्ती पृथ्वीच्या कवचातल्या हालचालींची आहे, काही मीटर पाण्याच्या वजनाने एवढी उलथापालथ होणार नाही. धरण आणि भूकंप जवळ आले हा योगायोग, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूकडे उदाहरणे होती. अमेरिकेत हूवर धरणाच्या लेक मीड जलाशयाभोवती १९३० च्या दशकातच धक्के नोंदले गेले होते. चीनमधल्या शिनफेंगच्यांग जलाशयाजवळ १९६२ साली, आफ्रिकेत करिबा येथे १९६३ साली आणि ग्रीसमध्ये क्रेमास्ता येथे १९६६ साली, जलाशय भरल्यानंतर सहाच्या आसपास तीव्रतेचे भूकंप झाले होते. युनेस्कोच्या तज्ज्ञांची समिती कोयनेला येऊन गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी पुढची कित्येक वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा केला. आज कोयना हे जलाशयाने चालना दिलेल्या भूकंपांतले जगातले सर्वांत मोठे उदाहरण मानले जाते.

‘चालना’ हा शब्द इथे जपून वापरायला हवा. जलाशय भूकंपाची शक्ती निर्माण करत नाही. खोल कातळात जुन्या भेगा असतात, त्यांच्या दोन्ही बाजूंवर फार लांबच्या काळापासून ताण साठत आलेला असतो, आणि घर्षणामुळे त्या बाजू एकमेकींना धरून असतात. वर पाणी साठले की दोन गोष्टी होतात. पाण्याच्या वजनाने ताणात थोडा फरक पडतो, हे पहिले. पण त्याहून महत्त्वाचे दुसरे. पाणी किंवा पाण्याचा दाब फटीफटीतून खाली उतरतो आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना आतून रेटा देतो. त्यांची पकड सैल होते आणि आधीच सुटण्याच्या बेतात आलेली भेग सुटते. म्हणून पाणी साठल्यावर लगेच मोठा भूकंप होत नाही. दाब खाली पोचायला महिने, वर्षे लागतात. ताण नसलेल्या ठिकाणी कितीही मोठा जलाशय बांधला तरी जमीन शांत राहते, आणि जगातल्या बहुतेक जलाशयांची गोष्ट तशीच आहे. भेग आज ना उद्या सुटलीच असती हे शास्त्रीयदृष्ट्या खरे आहे. पण ‘उद्या’ म्हणजे हजारो वर्षांनंतर असू शकते, आणि ज्या पिढीवर ती सुटली तिला हा युक्तिवाद सांत्वन देत नाही. लोकांचे ढोबळ निदान आणि शास्त्राचे बारीक निदान यांत जो फरक आहे तो कारणाच्या स्वरूपाचा आहे. पाण्याचा आणि हादऱ्यांचा संबंध आहे, ही लोकांची मूळ गोष्ट टिकली.

नोंदी वाढत गेल्या तसा हा संबंध आणखी स्पष्ट झाला. जूनमध्ये पाऊस सुरू होतो, ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत जलाशय भरतो, आणि त्याच सुमाराला धक्के वाढतात. हिवाळ्यात डिसेंबरपासून, पाणी उतरू लागल्यावर, दुसरी वाढ दिसते. पाण्याची पातळी आठवड्यात बारा मीटर किंवा त्याहून अधिक चढली, किंवा आधी कधी गेली नव्हती इतक्या उंचीवर गेली आणि तिथे बरेच दिवस राहिली, तर पाच तीव्रतेच्या वरचे धक्के येण्याचा संभव वाढतो, असेही आढळले. १९७३ च्या ऑक्टोबरात, १९८० च्या सप्टेंबरात असे धक्के बसले. दक्षिणेला वारणा नदीवर चांदोलीचे धरण झाले, १९८५ नंतर तिथेही पाणी साठू लागले, आणि १९९३ पासून धक्क्यांचा जोर वारणेच्या बाजूला सरकला. १९६७ पासून पाच तीव्रतेवरचे वीसाहून अधिक, चारवरचे दोनशेच्या आसपास आणि लहान मिळून लाखाच्या पुढे धक्के या भागात नोंदले गेले आहेत. हे सगळे साधारण तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद अशा टापूत. त्याबाहेर जवळपास काहीच नाही. जगात एवढ्या थोड्या जागेत, एवढी वर्षे, एकाच कारणाशी जोडलेले भूकंप इतरत्र पाहायला मिळत नाहीत.

या टापूत राहणाऱ्यांनी भूकंपाशी जो व्यवहार शिकून घेतला तो कुठल्याच पुस्तकातून आलेला नाही. १९६७ च्या डिसेंबरात लोक थंडीत उघड्यावर झोपले. घर उभे असले तरी छपराखाली जायचा धीर होत नव्हता, आणि नंतरच्या धक्क्यांनी तो आणखी खचत होता. मग पत्र्याच्या शेड आल्या. पत्रा उन्हाळ्यात तापतो, पावसात कानठळ्या बसवतो, पण डोक्यावर पडला तरी माणूस मरत नाही, या एका हिशेबावर तो खोऱ्यात रुजला. जड सामान उंच फळीवर न ठेवणे, झोपण्याची जागा दगडी भिंतीपासून दूर घेणे, दाराची कडी रात्री चटकन निघेल अशी ठेवणे, अशा सवयी सांगाव्या लागत नाहीत, त्या घरातल्या घरात लहानांकडे जातात. लहान धक्क्याला इथला माणूस पळत नाही. हातातले काम थांबवतो, क्षणभर कानोसा घेतो, दुसरा हादरा येतो का पाहतो, आणि मग शेजाऱ्याला विचारतो: केवढ्याचा असेल?

त्या प्रश्नाबरोबर एक परका शब्द मराठीत घरचा झाला. अमेरिकन भूकंपशास्त्रज्ञ चार्ल्स रिश्टर याने १९३५ साली भूकंपाची तीव्रता मोजण्याचे माप सुचवले. कोयनेच्या बातम्यांमधून त्याचे नाव खेड्यापाड्यांत पोचले आणि ‘किती रिश्टरचा?’ हा नेहमीचा प्रश्न झाला. या मापात एका अंकाच्या वाढीला जमिनीची हालचाल दहापट आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. तीनचा धक्का सहाच्या निम्मा वाटतो, पण ऊर्जेच्या हिशेबाने सहाचा धक्का त्याच्या तीस हजार पटींहून मोठा असतो. लहान धक्के बसत राहिले की शक्ती हळूहळू मोकळी होते आणि मोठा भूकंप टळतो, ही समजूत खोऱ्यात आणि बाहेरही आहे. ती दिलासा देणारी आहे, पण या हिशेबापुढे टिकत नाही. एका सहाच्या धक्क्याची भरपाई करायला तीनचे तीस हजार धक्के लागतील.

वर्तमानपत्रांतली कोयनेच्या धक्क्याची बातमीही वर्षानुवर्षे एका साच्यात बसलेली आहे. धक्क्याची वेळ, रिश्टर मापावरचा आकडा, केंद्रबिंदू हेळवाकपासून किंवा कोयनानगरपासून किती किलोमीटरवर आणि कुठल्या दिशेला, पाटण, पोफळी, अलोरे, चिपळूण, कराड यांपैकी कुठे कुठे जाणवला, आणि शेवटी धरण सुरक्षित असल्याचे एक वाक्य. हे शेवटचे वाक्य गाळलेले बहुधा दिसत नाही. खालच्या खोऱ्यातला वाचक आकड्याआधी तेच शोधतो.

सरकारदरबारीही एक शब्द घडला: भूकंपग्रस्त. पुनर्वसन, घरबांधणीची मदत, आणि पुढे नोकरीतल्या राखीव जागा यांसाठी ज्याच्या नावे तसा दाखला आहे तो भूकंपग्रस्त. राज्यातल्या नोकरभरतीच्या जाहिरातींत प्रकल्पग्रस्त आणि भूकंपग्रस्त हे दोन शब्द शेजारी-शेजारी छापलेले असतात. पाटण तालुक्यात असे घर सापडू शकते की ज्याचे शेत धरणात गेले आणि भिंती भूकंपात. दाखला कोणाला मिळावा, पुढच्या पिढीला चालावा का, या मागण्या खोऱ्याच्या राजकारणात वर्षानुवर्षे चालत आल्या. भूकंपाचा इतिहास तहसील कचेरीतल्या या कागदांतही लिहिलेला आहे, आणि तो वेधशाळेतल्या कागदांपेक्षा कमी महत्त्वाचा नाही.

१९७० साली देशाचा भूकंपक्षेत्रांचा नकाशा सुधारला गेला आणि कोयनेचा परिसर पाच क्षेत्रांपैकी चौथ्यात, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या धोक्यात आला. भूकंप झाला त्या जागी नकाशा बदलला. बाकीचे पठार मात्र पुन्हा स्थिर मानले गेले. त्याची किंमत मराठवाड्याने मोजली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारी भागात भूकंप झाला. तीव्रता जवळजवळ कोयनेइतकीच, मृत मात्र आठ हजारांच्या आसपास. किल्लारी तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होती. तिथल्या घरांच्या दगडी भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, आणि वर माळवद: लाकडांवर थापलेला मातीचा जाड थर, जो दरवर्षी नव्या मातीने आणखी जड होत जातो. उन्हाळ्यात हे घर गारवा देते. हादऱ्यात ते घरच माणसांना गाडते. वस्त्याही तिथे दाट होत्या. किल्लारीलाही आधीच्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यानंतर, धक्के आणि जमिनीतून येणारे आवाज लोकांनी अनुभवले होते आणि सांगितले होते. कोयनेला पंचवीस वर्षांपूर्वी मिळालेले ज्ञान अडीचशे-तीनशे किलोमीटरांवरच्या गवंड्यापर्यंत पोचले नव्हते, ही महाराष्ट्राच्या या इतिहासातली सर्वांत दुखरी गोष्ट आहे. भिंतीत दर काही फुटांवर आरपार दगड घालणे, दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना बांधणारी एक सलग पट्टी घेणे, छप्पर हलके करणे, एवढ्याने फरक पडला असता. किल्लारीनंतर झालेल्या पुनर्बांधणीत या गोष्टी मोठ्या प्रमाणावर केल्या गेल्या.

कोयनेचा अभ्यास पुढे जमिनीच्या पोटात शिरला. लहान टापू, उथळ केंद्रे आणि सतत येणारे धक्के यांमुळे भूकंप जिथे जन्मतो तिथपर्यंत छिद्र पाडून पोचता येईल, अशी जगातल्या मोजक्या जागांत ही एक आहे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला त्यासाठी प्रयोगशाळा उभारली. आधी परिसरात जवळपास दीड किलोमीटर खोलीपर्यंतची अनेक छिद्रे घेतली गेली. कोयनानगरजवळ रासाटीला काळा कातळ नऊशे मीटरांहून थोडा अधिक जाड निघाला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. मध्ये गाळाच्या खडकाचा थर नव्हता. २०१७ साली गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे छिद्र पूर्ण झाले. तिथे काळा कातळ सव्वा किलोमीटरपर्यंत होता. अशा छिद्रांत, पृष्ठभागावरच्या वाऱ्या-पावसाचा आणि वाहनांचा गोंगाट पोचत नाही अशा खोलीवर, भूकंपमापक सोडले जातात. माणसाला कधीच जाणवणार नाहीत इतके बारीक धक्के तिथे टिपता येतात. छिद्रांतून वर काढलेले दगडाचे लांबलचक दंडगोल पेट्यांत ओळीने मांडून ठेवले जातात. त्यांवरच्या भेगा आणि घासल्याच्या खुणा पाहिल्या की पाणी कुठून खाली उतरले असेल त्या वाटा दिसू लागतात.